वेढ्याच्या पुस्तकातला ड्रॅगन

आमच्या वन्सं कादंबरी वाचत नसत, तपासत. हातात शिसपेन्सिल घेतल्याशिवाय त्यांनी पुस्तक उघडल्याचं मला तरी आठवत नाही. पुस्तक वाचून परत आलं की समासात बारीक, सरळ अक्षरांत शेरे असायचे. ‘राजा सकाळी निघून संध्याकाळी पोचला. मधे दोन घाट आहेत. घोड्याला पंख होते काय?’ किंवा, ‘मागच्या प्रकरणात पौर्णिमा झाली, आठवड्याने पुन्हा पौर्णिमा. लेखकाने अधूनमधून वर पाहावे.’ एका कादंबरीत सैनिक वेशीपाशी बसून बटाटे सोलत होते. वन्संनी बटाट्याभोवती गोल काढून लिहिलं होतं, ‘हा अजून बोटीत आहे.’

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जन्मभर जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढले. लग्न केलं नाही. का, म्हणून कोणी विचारलं तर म्हणायच्या, “स्थळं आली होती. एकाचीही रेघ सरळ नव्हती.” निवृत्त झाल्यावर आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्या. सोबत एक लोखंडी पेटी, एक तिरकं टेबल आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांची चळत. भांडीकुंडी काहीच नाही. तेव्हाच मी ओळखलं की जेवायला खाली येणार आणि आमटीतल्याही चुका काढणार. काढल्या.

खाली आमचं चष्म्यांचं दुकान. हे डोळे तपासतात, मी काउंटर सांभाळते. चष्म्याच्या काड्या गरम करून वाकवायच्या, नाकावरच्या गाद्या बसवायच्या, निसटलेले स्क्रू शोधायला जमिनीवर रांगायचं, ही सगळी माझी कामं. गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरखाली पुस्तक धरून वाचते. आणि मी वाचते ती अद्भुत. मला उडणारी बेटं लागतात, शापित आरसे लागतात, ड्रॅगन तर लागतोच. दिवसभर लोकांच्या नाकाकडे बघणाऱ्या बाईला एवढं तरी मिळायला हवं.

यावरून आमचं नणंदभावजयीचं जे जुंपायचं ते विचारू नका. वन्सं म्हणायच्या, “जे कधी घडलंच नाही ते वाचून माणसाला काय मिळतं?” मी म्हणायचे, “आणि तुमच्या कादंबरीतला राजा राणीला एकांतात काय म्हणाला, ते लेखकाला कोणी सांगितलं? पलंगाखाली बसला होता का?” एकदा मी माझं एक पुस्तक त्यांच्या गळ्यात मारलं. त्यात सुरुवातीला त्या कल्पित देशाचा छान नकाशा होता. मला वाटलं, नकाशा बघून तरी पाघळतील. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत. नकाशाच्या पुढे गेल्याच नव्हत्या. नदीवर बाण काढून लिहिलं होतं, ‘ही डोंगर चढते आहे. हिला थांबवा.’

शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झालं की आमच्याकडे पुस्तकवाले जमत. मी, वन्सं, कोपऱ्यावरचा पाववाला आणि इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर. पाववाला पहाटे भट्टी पेटवून मग वाचत बसायचा, त्यामुळे त्याच्या पुस्तकांना पिठाचा वास यायचा. तो माझ्या पक्षातला, सिस्टर वन्संच्या. हे कुठल्याच पक्षात नव्हते, चहा करायचे. आमचा नियम एकच होता. ज्याला पुस्तक सुचवायचंय त्याच्यापुढे भरलेला कप ठेवायचा आणि त्याने चहा निवेपर्यंत बोलायचं. जास्त बोलायचं असेल तर खुशाल बोला, पण मग थंड चहा प्या. पाववाला नेहमी थंड प्यायचा. वन्सं बरोबर वाफ विरायच्या सुमाराला थांबायच्या, कप उचलायच्या आणि आम्ही निमूट त्यांनी सांगितलेलं पुस्तक न्यायचो. खोटं कशाला बोलू, त्यांनी सुचवलेलं पुस्तक कधी वाया गेलं नाही. एवढ्या चुका काढूनही ज्या पुस्तकावर त्यांचं प्रेम उरायचं, ते पुस्तक भक्कमच असायचं.

तर मला एक दिवस खोडी सुचली. सिस्टरांनी एका किल्ल्याच्या वेढ्यावरची नवी कादंबरी आणली होती. जाडजूड, वर चकचकीत सुटं कव्हर, त्यावर बुरूज आणि धूर. माझ्याकडे त्याच आकाराचं, तेवढ्याच जाडीचं ड्रॅगनचं पुस्तक होतं. मी आणि पाववाल्याने काउंटरमागे बसून कव्हरं बदलली. वेढ्याच्या कपड्यात ड्रॅगन. सिस्टरांनी आधी ‘नको गं बाई’ केलं, पण त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. शनिवारी त्यांनी चहा निवेपर्यंत वेढ्याचं तोंडभर कौतुक केलं. किल्ल्यातलं मीठ संपतं, एक मीठवाली चोरवाटेने मीठ आणते, वगैरे सगळं सांगितलं आणि पुस्तक वन्संच्या हातात दिलं. पहिल्याच पानावर ड्रॅगन एक आख्खी वरात गिळतो. वन्सं दुसऱ्या पानापर्यंत पोचणार नाहीत, अशी पाववाल्याने पैज लावली.

आठवडाभर मी जिन्याकडे कान लावून बसले. आता काहीतरी आपटेल, आता हाक येईल. वरून चूं नाही की चां नाही. वन्सं जेवायला येत, जेवून जात. मी साळसूदपणे विचारलं, “कसं चाललंय पुस्तक?” म्हणाल्या, “वाचते आहे.”

पुढच्या शनिवारी त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, यांनी कप ठेवला आणि वन्सं बोलायला लागल्या. “वेढ्याचं वर्णन उत्तम. किल्ल्यातलं मीठ संपतं तो भाग अंगावर येतो. ती मीठवाली तर डोळ्यांपुढे उभी राहते. काळ छान उभा केलाय.” पाववाल्याने तोंडात बिस्किट कोंबलं, तरी त्याचे खांदे हलायला लागले. मीही हसू दाबत होते. वन्संची चोरी पकडली गेली होती. न वाचताच बोलत होत्या, सिस्टरांचंच बोलणं सिस्टरांना परत देत होत्या. मी पुस्तक ओढून घेतलं आणि शेरे बघायला भराभर पानं उलटली.

एकही शेरा नव्हता. एक गोल नाही, एक बाण नाही. पहिल्या पानावर ड्रॅगन वरात गिळत होता आणि समास कोरा करकरीत होता. कंटाळून वाचलं नसतं तर त्यांनी तसं तोंडावर सांगितलं असतं, त्यांना कोणाची भीती होती? मग माझं हसू जागच्या जागी विरलं. पाववाला घास गिळून म्हणाला, “पण आक्का, त्यात तो ड्र...” मी टेबलाखालून त्याच्या पावलावर पाय दिला. तो कळवळला. वन्सं म्हणाल्या, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, जीभ चावली त्याची.” वन्संनी कप उचलायला हात पुढे केला आणि तो कपाच्या अलीकडे, रिकाम्या टेबलावर पडला. मग बोटं हळूच सरकत कपाच्या कानापर्यंत गेली.

रात्रीचं ताट वाढताना मी यांना सांगितलं. यांनी मान हलवली. “शक्य नाही. दिवाळं निघेल माझ्या धंद्याचं. मागच्याच महिन्यात मी तिचे डोळे तपासलेत. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं तिने.”

“कुठला तक्ता?”

“आपलाच. भिंतीवरचा.”

मी आमटी वाढत यांच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने यांचा घास हातातच राहिला. दुकान उघडलं तेव्हा तो अक्षरांचा तक्ता वन्संनीच हाताने काढून दिला होता. प्रत्येक अक्षर पट्टी लावून, मोजून मापून. त्या बाईला तो डोळे मिटूनही पाठ होता, आणि आम्ही तिला त्याच्यासमोर बसवून ‘वाच’ म्हटलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे दुकानाची पाटी लावून बसला होता.

मग एकेक आठवायला लागलं. सुई ओवून दे म्हणायच्या, हात कापतो म्हणून. जिन्यात भिंतीला हात लावून उतरायच्या, गुडघा दुखतो म्हणून. मला स्वतःचाच राग आला. रोज शंभर लोकांच्या डोळ्यांकडे बघणारी मी, घरातल्या दोन डोळ्यांकडे बघायला मला वेळ झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले. वन्सं खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल, दोन्ही उगाच. मी समोर पलंगावर बसले आणि सरळ सांगून टाकलं, “वन्सं, त्या वेढ्याच्या पुस्तकात ड्रॅगन होता.”

त्यांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, “केवढा?”

“आख्खी वरात गिळतो.”

“बँडसकट?”

“बँडसकट.”

त्यांनी पेन्सिल खिडकीच्या कट्ट्यावर चाचपून ठेवली. “कोणाकोणाला माहीत आहे?” मी म्हटलं, माझ्याशिवाय यांना. बाकीच्यांना अजून गंमतच वाटते आहे. तशा त्या खुर्चीत जरा सैल झाल्या. म्हणाल्या, “दुधातून बघावं तसं दिसतं. माणूस आलाय हे कळतं, कोण आलाय ते आवाजावरून. अक्षर तर केव्हाच गेलं. शनिवारी बोलण्यापुरतं इकडूनतिकडून गोळा करत होते. ते बोलणं बंद झालं की मी कोण? वरच्या खोलीतली म्हातारी.” आवाज जराही हलला नाही त्यांचा.

यांनी नीट तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. म्हणाले, “आक्का, ऑपरेशन कर. साधं असतं आता. पण आणखी लांबवलंस तर ते साधं राहणार नाही.” वन्संनी साफ नकार दिला. त्यांच्या वडिलांचे डोळे ऑपरेशननंतर गेले होते. त्या वेळी हे पाळण्यात होते, पण वन्सं मोठ्या होत्या. पट्टी सोडली तेव्हा वडील ‘दिवा लावा’ म्हणाले आणि भर दुपार होती, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. “दूध तर दूध,” त्या म्हणाल्या, “काळोखापेक्षा बरं. बाळ्या, पुन्हा हा विषय काढू नकोस.” बाळ्या म्हणजे हे. डोक्यावर केस औषधाला नाही, पण आक्कासाठी बाळ्याच. मी समजावलं, चिडले, रडून झालं, अबोला धरून झाला. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मी म्हटलं, “बरं, निदान वाचून तरी दाखवू का?” वन्सं म्हणाल्या, “वाच. पण इतिहासाचं. तुझे ड्रॅगनबिगन नकोत.”

मग मी खरं वेढ्याचं पुस्तक घेऊन दुपारची त्यांच्यापुढे बसायला लागले. काय सांगू, पहिल्या दिवशीच मला जांभया. तोफांची नावं, सरदारांची नावं, सरदारांच्या मेव्हण्यांची नावं. ती बिचारी मीठवाली यायची, एक ओळ बोलायची आणि पुन्हा मेव्हणे सुरू. तिसऱ्या दुपारी मला राहवलं नाही. मीठवाली चोरवाटेने निघाली होती. मी गंभीर आवाजात वाचलं, “तेवढ्यात झुडपातून एक काळा कोल्हा बाहेर आला आणि म्हणाला, बाई, पुढे पहारा आहे.”

वन्संनी मान वळवली. “कोल्हा म्हणाला?”

“छापलंय तसं वाचते मी.”

“हं,” त्या म्हणाल्या. “पुढे?”

आणि पुढे मी सुटलेच. पुस्तक नुसतं हातात. मीठवालीने कोल्ह्याला मीठ दिलं, कोल्ह्याने तिला डोंगराच्या पोटातली वाट दाखवली, तिथे एक बुडालेलं शहर, शहरात सावल्या विकणारी म्हातारी. आयुष्यभर जे वाचलं होतं त्याचा काला करून मी रोज वाढायला लागले. सोपं नव्हतं हं ते. वन्सं मधेच थांबवायच्या, “काल नदी किल्ल्याच्या पूर्वेला होती. आज पश्चिमेकडून आली कशी?” मग मी पानावर बोट फिरवल्यासारखं करून म्हणायचे, “हो, हो, पूर्वेलाच आहे, माझी ओळ चुकली.” दुकानात काड्या वाकवताना मी मनात नद्या सरळ करायचे. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला दोन्ही काड्या डावीकडच्या लावून दिल्या, तोही तसाच घालून निघून गेला.

मग एके दुपारी मीठवाली नदीपाशी पोचली. मागे शत्रू, पुढे पूर, आणि कोल्हा म्हणतो, ‘पलीकडे जायचं तर तुझी सावली इथे ठेवावी लागेल.’ मी पुस्तक फाटकन मिटलं.

“पुढे?” वन्सं म्हणाल्या.

“पुढचं तुमचं तुम्ही वाचा. डोळे करून या आणि वाचा.”

वन्सं जाम भडकल्या. मला ‘पाताळयंत्री’ म्हणाल्या, तो शब्द त्यांनी कुठल्यातरी सरदारासाठी राखून ठेवला असावा. मी जिन्यावरून खाली आले ती पळतच पाववाल्याकडे, तिथून सिस्टरांकडे. दोघांना सगळं खरं सांगितलं. डोळ्यांचं ऐकून पाववाला रडकुंडीला आला, पैजेचं आठवून तर आणखीच. मी म्हटलं, “रडू नकोस. शनिवारी खोटं बोलायचंय, ते नीट बोल.”

शनिवारी वन्संनी विषय काढला. “ते वेढ्याचं पुस्तक, मीठवाली नदीपाशी येते ते. कोणी पूर्ण वाचलंय?”

सिस्टर जन्मभर रोग्यांना ‘मुळीच दुखणार नाही’ सांगत आलेल्या. खोटं बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्या म्हणाल्या, “मी वाचलंय. शेवट वाचून मी पुस्तक छातीशी धरून बसले होते. पण सांगणार नाही. ज्याचं त्याने वाचावं असा शेवट आहे तो.” पाववाल्यापुढे कप आला. त्याने सावल्या विकणाऱ्या म्हातारीचं असं काही वर्णन केलं की मीच थक्क झाले. त्याने तिला एक मुलगी दिली, मुलीला काचेचे पाय दिले. “आक्का,” तो म्हणाला, “मी आजवर सुचवलेली सगळी पुस्तकं विसरा. हे एक वाचा.” चहा निवला, त्यावर साय धरली, तरी तो बोलतच होता. कोपऱ्यातून हे म्हणाले, “मलाही आवडलं.” यांनी जन्मात कादंबरी वाचलेली नाही. चार माणसं बसून एका नसलेल्या पुस्तकाची शिफारस करत होतो, आणि मला तर वाटायला लागलं होतं की हे पुस्तक कुठे मिळेल ते विचारावं.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग कप चाचपून उचलला आणि म्हणाल्या, “बाळ्या, तुझ्या त्या डॉक्टरची वेळ घे.”

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या सकाळी इस्पितळात त्यांनी माझा हात धरला होता. एरवी कोणाला अंगाला हात लावू न देणारी बाई, पण बोटं अशी घट्ट की माझी बांगडी रुतली. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “नाहीच दिसलं, तर शेवट तू वाचून दाखवशील ना?”

“दाखवीन,” मी म्हटलं. शेवट कुठे होता माझ्याकडे? मी नदीपर्यंतच आले होते. पलीकडे काय आहे ते मलाच माहीत नव्हतं. त्यांना आत नेलं आणि मी बाकावर बसून पहिल्यांदाच घाबरले. वन्संचे डोळे गेले असते तर त्याचं खापर माझ्या कोल्ह्यावर फुटलं असतं, आणि फुटायलाच हवं होतं. सिस्टर शेजारी बसून माझी पाठ थोपटत ‘काही होत नाही गं’ म्हणत होत्या. त्या किती सहज खोटं बोलतात हे मला आता माहीत होतं, त्यामुळे त्याचाही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. भर दुपार होती. वन्संनी पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. आम्ही श्वास धरून उभे. वन्संनी माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“केवढी पिकलीस गं,” त्या म्हणाल्या. “आणि हा ब्लाउज या साडीवर? कोणी सांगितलं नाही तुला?” हे तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. वन्सं म्हणाल्या, “बाळ्या, नाक पूस.”

घरी आल्यावर आठवडाभर थेंब घालायचे, वाचायचं नाही. मग वाचायला मोकळीक मिळाली आणि पहिल्यांदा त्यांनी मागितलं ते वेढ्याचं पुस्तक. मी नेऊन दिलं. दुसरं काय करणार? ‘दुकानात गर्दी आहे’ म्हणून पळून आले. गर्दी कसली, माशीसुद्धा नव्हती. वरून आवाज नाही. दुसऱ्या दिवशी आवाज नाही. जेवायला येत, माझ्याकडे बघत, जेवून जात. दुधातून बघणारी वन्सं परवडली, असं एकदा मनात आलं आणि मी गालात मारून घेतलं. संध्याकाळचं त्यांच्या खोलीतून तिरकं टेबल सरकवल्याचा आवाज मात्र यायचा. ते टेबल त्यांनी कित्येक महिन्यांत वापरलं नव्हतं.

शनिवार आला. सगळे जमले. पाववाला दाराजवळची खुर्ची धरून बसला होता. वन्सं जिना उतरून आल्या, भिंतीला हात न लावता. काखेत पुस्तक, हातात कागदाची गुंडाळी. पुस्तक टेबलावर ठेवलं. समासांत शेऱ्यांची नुसती गर्दी होती.

“हे मी वाचलं,” त्या म्हणाल्या. “मेव्हणे फार आहेत. वेढा चुकीच्या बाजूने घातलाय. कोल्हा नाही.”

यांनी चहाचा कप हातातच धरून ठेवला.

“मी सांगणार होते, वन्सं...” मी सुरुवात केली.

“तू काय सांगणार? कोल्हा आला त्याच दिवशी मला कळलं होतं. दुपारभर वाचत होतीस आणि पान उलटल्याचा आवाज एकदा नाही. आंधळी होत होते मी, बहिरी नाही.” मग त्या पाववाल्याकडे आणि सिस्टरांकडे वळल्या. “आणि तुम्ही. काचेचे पाय म्हणे. पुस्तकाला हात न लावता त्याबद्दल असं बोलता येतं, हे मला वाटलं एकटीलाच जमतं.”

“पण मग,” मी म्हटलं, “माहीत होतं तर ऑपरेशनला कशाला तयार झालात? शेवट पुस्तकात नाही, हे कळलंच होतं ना?”

“पुस्तकात नाही ते कळलं होतं. तुझ्या डोक्यातही नाही, तेही कळलं होतं. नदीपाशी आलीस आणि अडकलीस. अडकणारच. पूर्व कुठे, पश्चिम कुठे, तुला पत्ता नाही. एका दिवशी डोंगर किल्ल्याच्या मागे, दुसऱ्या दिवशी पुढे. अशाने ती बाई जन्मात पलीकडे पोचायची नाही.” वन्संनी गुंडाळी टेबलावर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर चष्म्याची घरं ठेवली. “हिला नकाशा पाहिजे होता. आणि नकाशा काढायला डोळे लागतात.”

आम्ही सगळे वाकलो. काळ्या शाईत, केसासारख्या बारीक रेघांत, मी बोललेलं सगळं तिथे होतं. किल्ला, चोरवाट, कोल्ह्याचं बीळ, डोंगराच्या पोटातलं बुडालेलं शहर. सावल्या विकणाऱ्या म्हातारीचं दुकानसुद्धा होतं, आणि दारात पाववाल्याची काचेच्या पायांची मुलगी. नदी अगदी शहाण्यासारखी डोंगरावरून खाली येत होती. तिच्या काठावर एक ठिपका होता, मीठवालीचा. नदीच्या पलीकडे कागद कोरा होता, अर्ध्याहून जास्त.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, त्या मी पुसल्याही नाहीत. वन्संनी यांच्या हातातला कप घेतला, जराही न चाचपता, आणि माझ्यापुढे ठेवला. स्वतः पेन्सिल काढली, टोक पाहिलं आणि कोऱ्या भागावर हात टेकवून बसल्या.

“सांग,” त्या म्हणाल्या. “चहा निवेपर्यंत वेळ आहे.”

मी डोळे पुसून नदीकडे पाहिलं. “मीठवालीने आपली सावली काढली,” मी म्हटलं, “घडी करून कोल्ह्याजवळ दिली आणि ती पाण्यात उतरली.”

“थांब,” वन्सं म्हणाल्या. “किती खोल?”